करंगळीचा उपास

आमच्या घरातलं घड्याळ बहुतेक वेळा बंद असायचं, कारण त्याची किल्ली हार्पला लागायची. बाबांनी हार्प घरी आणला तेव्हा त्याच्या तारा पिळायची मूळ चावी कुठल्या तरी बंदरात राहून गेली होती. त्यांनी घरातले सगळे पाने, पकडी, कुलपांच्या किल्ल्या लावून पाहिल्या. शेवटी भिंतीवरच्या घड्याळाची पितळी किल्ली त्या खुंट्यांवर अशी चपखल बसली की बाबा लहान मुलासारखे हसले. तेव्हापासून ती किल्ली सुतळीने बांधलेली हार्पच्या मानेला लटकत राहिली आणि घड्याळाकडे कोणी बघेनासं झालं. आई वेळ ओळखायची ती बंदरावरच्या मासळीच्या लिलावाच्या गलक्यावरून आणि ओटीवर सरकणाऱ्या उन्हावरून. मला मात्र दोन्हींतलं काही जमत नसे, त्यामुळे तेरेजाबाईंकडे शिकवणीला पोचायला रोज उशीर. निघताना त्या दारातून ओरडायच्या, "फाल्यां तरी वेळेर ये गो!" उद्याची ही ताकीद मी इतकी ऐकली की ती शिकवणीचाच भाग वाटायला लागली होती.

बाबा परदेशी बोटींवर खलाशी होते. वर्षातले बरेचसे महिने त्यांचा पत्ता फक्त समुद्राला माहीत. इतरांचे बाप सुट्टीवर येताना साबण, टेपरेकॉर्डर, नायलॉनच्या साड्या आणायचे; माझ्या बापाने ताडपत्रीत गुंडाळलेलं, माझ्या खांद्याएवढं एक लाकडी तिकोन आणलं. त्यांची बोट प्रवासी होती आणि ती मोडीत निघणार होती. तिच्या जेवणाच्या हॉलात कधीकाळी गाणंबजावणं चाले, त्यातलं हे एकच वाद्य अडगळीत उरलं होतं, आणि ते भंगारात टाकायला बाबांचा हात धजेना. ओटीवर ताडपत्री सोडून त्यांनी जाहीर केलं, "ह्यां वाजवूचां असता." आईने कमरेवर हात ठेवून त्या वस्तूला एक फेरी मारली. "तां बरां. पण ठेवतलास खंय? माझ्या डोक्यार?" शेवटी तांदळाच्या पिंपाशेजारी जागा झाली. शेजारच्या बायका बघायला आल्या आणि त्यातल्या एकीने विचारलं, होडीचं शीड घरात कशाला घेतलंत? झालं, तेच नाव पडलं. मालवणातली जुनी माणसं मला अजून "शीडवाली सुलू" म्हणतात, आणि मला ते कोणत्याही पुरस्कारापेक्षा जास्त आवडतं. पुरस्कार फारसे मिळाले नाहीत हेही त्यामागचं एक कारण असेल.

तारा अर्ध्याअधिक तुटलेल्या होत्या. तसल्या तारा मालवणात कुठून मिळणार? पण बाबांनी त्यातली एक बोटांत धरून ओढली, दाताखाली धरून पाहिली आणि मला बाजारात घेऊन गेले ते थेट जाळी-गळांच्या दुकानात. तिथे त्यांनी तंगूस मागितला, म्हणजे गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा. खालच्या जाड तारांसाठी मोरी माशाचा, मधल्यांसाठी सुरमईचा, वरच्या बारीक तारांसाठी खाडीतल्या तांबोशीचा. दुकानदाराला वाटलं, बाबा आता बोट सोडून मासेमारीला लागले. खऱ्या हार्पवर काही तारा तांबड्या आणि काही निळ्या असतात, नाहीतर वाजवणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही. आमचा तंगूस सगळा एकाच पांढुरक्या रंगाचा. तेव्हा तांबड्या तारांना मावशीच्या लग्नातलं नेलपॉलिश लागलं आणि निळ्या तारांना शेजारच्या होडीचा उरलेला रंग. तो रंग पुढे कित्येक महिने माझ्या नखांत असायचा. नवा तंगूस ताणत राहतो, त्यामुळे संध्याकाळी सुरात लावलेला हार्प सकाळी पाहावा तर सगळा उतरलेला. आधी किल्ली घेऊन प्रत्येक खुंटी पिळायची, मग पेज प्यायची, मग परत पिळायची. आता माझ्याकडे मोठा हार्प आहे, त्याच्या तारा पार्सलने येतात आणि आठवडाभर हलत नाहीत. तरीही सकाळी उठल्याबरोबर माझा हात किल्लीकडेच जातो.

शिकवणार कोण, हा खरा प्रश्न होता. आमच्या घरामागची गल्ली ओलांडली की तेरेजाबाईंचं घर. आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवून आता त्या घरी बसल्या होत्या. नवरा लवकर गेला होता, मूल नव्हतं, पुढच्या खोलीत एक काळा पियानो होता. त्याच्या काही पट्ट्या वाळवीने खाऊन मुक्या केल्या होत्या. हार्प त्यांनी चित्रात सोडून कुठे पाहिला नव्हता. त्या आमच्याकडे आल्या, खुर्ची ओढून हार्पसमोर बसल्या, एकेक तार छेडत गेल्या आणि म्हणाल्या, "ह्यां तर पियानोचां पोट! वयली पेटी काडल्यार असांच दिसता." पियानोचं झाकण काढलं की आत अशाच तारा असतात, हे खरंच आहे. त्यावरून त्यांनी ठरवून टाकलं की जे पियानोवर येतं ते इथे येणारच. दुसऱ्या दिवसापासून मी डोक्यावर चुंबळ ठेवून, कोळणी पाटी नेतात तसा हार्प त्यांच्याकडे न्यायला लागले. आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं माझ्या डोक्यावर आलं.

त्यांची शिकवण्याची पद्धत पियानोचीच. अंगठा एक, करंगळी पाच. हाताची पाचही बोटं कामाला लागलीच पाहिजेत. माझी करंगळी आखूड, ती तारेपर्यंत पोचायची नाही, पोचली तर आवाज फुसका यायचा. मी तिला दडवायला बघायचे. तेरेजाबाई हातातल्या पंख्याने ती हलकेच वर करायच्या. "देवान पाच बोटां दिल्यान, मगे ह्या पाचव्याक उपाशी कित्याक ठेवतस गो?" मग मी मनगट वाकडं करून, कोपर बाहेर काढून करंगळीला तिचा घास भरवायचे. त्यांनी माझ्यासाठी एक लहानसा तुकडा रचला होता. त्याच्या शेवटी दहाही बोटांनी दहा तारा एकदम छेडायच्या. तो शेवट साधला त्या दिवशी त्यांनी कपाटातून दोदोलचा तुकडा काढून दिला. एरवी वाजवण्याआधी त्या दोदोल देत नसत, बोटं चिकट होतात म्हणून. मी तो गूळ-नारळाचा तुकडा चघळत होते आणि त्या पदराने डोळे पुसत होत्या. माझ्या वाजवण्याने कोणी रडू शकतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगायचं तर मी फुगून गेले.

घरी मात्र माझं वाजवणं आणि आईचं काम यांचं रोज भांडण. हार्प वाजवणाऱ्याच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडावे लागतात. ते कोरडे आणि टणक राहिले तर तार गोल, मोठी बोलते. आणि आमच्या घरात मुलीचे हात कोरडे राहणार कसे? सकाळी मासे कापायचे, मग तांदूळ धुवायचे, मग भांडी, मग आगळासाठी कोकम पिळायचं. तासभर पाण्यात हात घातले की महिन्याभराचे घट्टे भिजून पापुद्रे निघायचे आणि वाजवताना तंगूस चामडीत रुतायचा. मी कुरकुर केली की आई विळीवर बांगडा धरूनच म्हणायची, "तुझ्या शिडान आमका जेवूक घातल्यान तर मी पण हात सुके ठेवतलंय." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती बंदरावरच्या दलालाला गप्प बसवणारी बाई होती.

तरीही मी वाढत गेले. शाळा संपत आली तशी दुपारी माजघरात हार्प वाजायला लागला की पलीकडच्या अंगणात जाळं विणणारे लोक बोलणं थांबवायचे. बाबा सुट्टीवर आले की ओटीवर पाय पसरून डोळे मिटून बसायचे. माझं उजवं मनगट मात्र दुखायला लागलं होतं. आई रोज संध्याकाळी त्यावर कोमट खोबरेल चोळायची आणि मी ते जास्त मेहनतीचं लक्षण म्हणून अभिमानाने मिरवत होते. अशात तेरेजाबाईंचा भाचा पीटर पणजीहून आला. तो तिथे एका हॉटेलात कामाला होता. त्याने सांगितलं, आमच्याकडे दर हिवाळ्यात एक परदेशी बाई येते, हार्प वाजवते, खराखुरा. तो तिच्याशी माझ्याबद्दल बोललाही होता आणि ती मला ऐकायला तयार होती. आवडलं तर ती शिकवणार होती. तेरेजाबाईंनी त्या दिवशी चर्चला जायची निळी साडी काढून इस्त्री करून ठेवली.

पणजीची एसटी पकडली ती आम्ही दोघींनी. हार्प चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवा. सगळ्या वाटेत तेरेजाबाई माझा हात आपल्या मांडीवर घेऊन बोटं चोळत होत्या. हॉटेलच्या रिकाम्या हॉलात ती बाई उभी होती, उंच, पांढऱ्या केसांची, अनवाणी. माझा हार्प पाहून तिचे डोळे चमकले. तंगूस तिने बोटाने ओढून पाहिला, पीटरला काहीतरी विचारलं, आणि मासे धरायचा दोरा आहे हे कळल्यावर ती टाळ्या वाजवून हसली. त्या हसण्यात हेटाळणी नव्हती. मी धीटपणे बसले आणि तेरेजाबाईंचा तुकडा वाजवला, शेवटच्या दहा तारांसकट. तिने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. हे कोणी शिकवलं, तिने विचारलं. तेरेजाबाई एक पाऊल पुढे आल्या. मान ताठ. "मिया शिकयलंय."

त्या बाईने माझा हात हातात घेतला आणि माझी करंगळी अगदी हळू, दुखणाऱ्या बाळाची मूठ मिटावी तशी तळहातात दुमडली. मग पीटरशी बोलली. पीटर एकदा आपल्या मावशीकडे बघे, एकदा जमिनीकडे. "ती म्हणता, ह्या वाद्यार करंगळी वाजवूचीच नसता. चारच बोटां. पाचव्या बोटान हात वाकडो होता. मनगट दुखता काय, म्हणान इचारता." मी होय म्हणाले. ती पुढे म्हणाली, कान छान आहे, बोटांत गोडी आहे, पण हा हात असाच राहिला तर काही वर्षांत कामातून जाईल. आता ती निघाली होती, पाऊस संपल्यावर परत येणार होती. तोवर करंगळी सुटली तर ती मला दर हिवाळ्यात शिकवेल, काही न घेता. नाही सुटली तर शिकवण्यात अर्थ नाही, कारण सगळं त्याच पायावर उभं आहे. हे तिने फार मायेने सांगितलं. मायेने सांगितलेलं माणसाला जास्त लागतं असं मला वाटतं, कारण रागावायची सोयच राहत नाही.

परतताना तेरेजाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. सावंतवाडी गेली, कुडाळ गेलं. माझा हात त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मी हार्प डोक्यावर घेऊन गेले तर त्यांनी दार अर्धंच उघडलं. पियानोवर पांढरी चादर घातलेली दिसली. "मी तुझो हात बिघडवलंय, चेडवा. माझ्याकडसून आता काय शिकतलस? घरी जा." मी काहीतरी बोलायला गेले, पण दार लागलं होतं. 'फाल्यां वेळेर ये' हे त्या म्हणाल्या नाहीत. गल्लीत डोक्यावर तो भार घेऊन उभी असताना मला जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. हात गेला याचं भय होतंच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की ज्या बाईने मला सगळं दिलं, तिला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि कारण माझा हात होता.

घरी येऊन मी रडले. आईने सगळं ऐकून घेतलं. मी विळीजवळ जाऊन मासे ओढले तसं तिने मला दंडाला धरून उठवलं. "ऊठ थंयसून. हात सुके ठेव." मी हातातला मासा परत ठेवला. "हात काय मोडलो नाय. सवय लागली तशी सुटतली," ती म्हणाली, आणि मग मडक्यातून दोन चिंचोके काढून तिने माझ्या हातावर ठेवले. एकेक चिंचोका एकेका करंगळीखाली, तळहातात दाबून धरायचा. वाजवताना करंगळी उठली की चिंचोका पडणार. इतकी साधी युक्ती कुठल्याही संगीताच्या पुस्तकात मला पुढे सापडली नाही. आई निरक्षर नव्हती, पण संगीताशी तिचा संबंध लग्नातल्या गाण्यांपुरता. तिला फक्त मला शिस्त लावायची सवय होती.

पाऊस लागला, होड्या वर ओढल्या गेल्या, बंदर गप्प झालं. माझं सगळं वाजवणं मोडून पडलं होतं. जो तुकडा झोपेत वाजवला असता तो आता अडखळत, लंगडत चाले. करंगळी ऐकायची नाही. टक्, चिंचोका जमिनीवर. आणि स्वयंपाकघरातून कुळथाच्या पिठीला फोडणी देता देता आईचा आवाज, "पडलो!" सुरुवातीला हे 'पडलो' इतक्या वेळा यायचं की मला हार्प खाडीत फेकून द्यावासा वाटायचा. एकदा मी चिडून ओरडलेही, तर ती म्हणाली, "बरां, मी आयकत नाय," आणि पुढच्याच क्षणी, "पडलो!" मी हसत सुटले. ओल्या हवेत तारा दिवसभर उतरायच्या, नेलपॉलिशचे टवके उडायचे. पण माझी बोटं कोरडी होती. त्या पावसात आईने मला पाण्याला हात लावू दिला नाही. तिच्या स्वतःच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. मी त्यांना रात्री खोबरेल लावून द्यायचे, आणि ती "आता तू शिडाचां तेल माका लावतस?" म्हणून चिडवायची. हळूहळू चिंचोका पडायचा थांबला. मनगट सरळ झालं, दुखणं कधी गेलं ते कळलंही नाही. घट्टे आले, आणि एका सकाळी मधली तार अशी गोल बोलली की मीच दचकले.

हे सगळं होत असताना पलीकडच्या घरातून एकदाही पियानो वाजला नाही. तेरेजाबाई वाटेत भेटल्या तर आईची चौकशी करायच्या, माझ्या हाताकडे बघायच्या नाहीत. गणपती गेले, ऊन पडलं. पीटरचा निरोप आला की ती बाई लवकरच येते आहे. मला जायचं होतं, फार जायचं होतं, पण त्या निळ्या साडीशिवाय पणजीच्या एसटीत पाय ठेवायचा नव्हता. दुपारी मी चुंबळ घेतली, हार्प डोक्यावर ठेवला आणि गल्ली ओलांडली. दार वाजवलं नाही. त्यांच्या ओटीवरच बसले, किल्लीने तारा लावल्या, दोन्ही हातांत चिंचोके घेतले आणि त्यांचाच तुकडा सुरू केला.

मधेच कधीतरी दार उघडलं. मी वर पाहिलं नाही. शेवट आला, तिथे दहाऐवजी आठच तारा छेडल्या. आठ सूर चांगले लागले, पण खाली आणि मध्ये जागा रिकामी राहिली, ती मलाही ऐकू आली. तेरेजाबाई दारात उभ्या होत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या, सरळ मनगटाकडे, मिटलेल्या करंगळ्यांकडे. मग म्हणाल्या, "दोन सूर उपाशी रवले गो."

त्या आत गेल्या. चादर ओढल्याचा आवाज आला, मग स्टूल सरकवल्याचा. "शेवट परत घे," आतून हाक आली. मी शेवट परत घेतला. माझ्या आठ तारा वाजल्या आणि त्याच क्षणी आतून पियानोचे दोन सूर आले, एक खालचा, एक मधला, नेमके ते दोन. उघड्या दारातून मला त्यांचे हात दिसत होते. बाकीची सगळी बोटं वर धरून, फक्त दोन्ही करंगळ्यांनी त्या पट्ट्या दाबत होत्या. आम्ही तो शेवट परत परत घेतला. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी डोळे पुसायला थांबले नाही, कारण हात सोडले असते तर चिंचोके पडले असते. आज मी जे काही रचते त्याच्या शेवटी दोन सुरांची जागा मोकळी ठेवते. लोक विचारतात, शेवट अर्धवट का वाटतो?

ऊन ओटीवरून उतरलं तेव्हा मी तारांवर चादर घातली आणि चुंबळ डोक्यावर ठेवली. तेरेजाबाई बाहेर आल्या, हार्प उचलायला त्यांनी एका बाजूने हात लावला. पायऱ्या उतरून मी गल्लीत पोचले होते, तेव्हा मागून आवाज आला.

"फाल्यां वेळेर ये गो!"